नालिस्निकी घरी करताना: पनीरही नको, चक्काही नको

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची मुलगी युक्रेनमध्ये तेर्नोपिलला मेडिकलला होती. तिथल्या कॅन्टीनमध्ये मिळणाऱ्या नालिस्निकी, म्हणजे गोड चीज भरून गुंडाळलेले पातळ पॅनकेक, तिच्या विशेष आवडीच्या. 2022 मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ती परत आली आणि अजून त्यांची आठवण काढते, म्हणून तुम्ही नांदेडला घरी करून पाहिल्या. पहिल्या खेपेला पनीर किसून भरलं, तर सारण कोरडं आणि रबरासारखं लागलं. पुढच्या खेपेला चक्क्यात साखर घालून भरली, तर तव्यावर गरम होताच तो पातळ होऊन कडेने वाहायला लागला आणि पॅनकेक तळाला भिजून फाटला. घरात ओव्हन नाही. आता तुम्ही विचारताय, पिठात मैदा वाढवू की अंडी वाढवू?

दोन्ही वाढवू नका. तुम्ही लिहिलेल्या प्रमाणावरून तुमचं पीठ बरोबर आहे, पॅनकेकही बरोबर झाला होता. तो फाटला सारणातून सुटलेल्या पाण्यामुळे. मैदा वाढवला असता तर फाटला नसता हे खरं, पण मग जाड, चिवट पोळी झाली असती आणि मुलीला ती ओळखूही आली नसती. अडचण सगळी चीजमध्ये आहे, म्हणून या उत्तरात निम्म्याहून जास्त मजकूर चीजबद्दलच येईल. मी लग्नानंतर बरीच वर्षं युक्रेनमधल्या विन्नित्सा शहरात होते, तिथे आपल्या मुलांची मेस चालवायचे आणि तिथला स्वयंपाक शेजारणींच्या हाताखाली शिकले. आता पुण्यात ऑर्डरप्रमाणे हे पदार्थ करते. म्हणजे तिथलं दूध आणि इथलं दूध, दोन्हींवर माझा हात बसलेला आहे, आणि या पदार्थात सगळा फरक दुधापासूनच सुरू होतो.

सुरुवात करण्याआधी मुलीला एक विचारून घ्या: तिने खाल्लेल्या नालिस्निकी तव्यावर परतलेल्या, बाहेरून सोनेरी होत्या, की मलईत मुरलेल्या, मऊ? युक्रेनमध्ये दोन्ही करतात. पश्चिमेकडे, म्हणजे तेर्नोपिल, ल्विव, इवानो-फ्रांकिव्स्क या भागात बऱ्याच घरांत त्या छोट्या आणि बारीक गुंडाळतात. मातीच्या भांड्यात किंवा ट्रेमध्ये थरावर थर रचतात, मध्ये लोणी आणि आंबट साय घालून ओव्हनमध्ये मुरवतात. इतर ठिकाणी मोठा पॅनकेक पाकिटासारखा घडी घालून लोण्यावर परततात. एकाच गावात दोन घरांत दोन रीती असतात, त्यामुळे अमुकच खरी असं मी म्हणणार नाही. तुम्हाला हे ठरवायला लागेल ते एवढ्यासाठी, की परतायच्या असतील तर सारण अधिक घट्ट हवं आणि मुरवायच्या असतील तर थोडं सैल चालतं.

आता चीज. तिकडे त्याला सिर म्हणतात. दुकानात ते पाकिटात मिळतं, वर 5 टक्के, 9 टक्के असं स्निग्धांशाचं प्रमाण छापलेलं असतं. पण नालिस्निकीसाठी जुन्या बायका बाजारातून सुटं आणतात. बाजारात गावाकडून आलेल्या बायका पांढऱ्या फडक्यावर सिरचा ढीग घेऊन बसलेल्या असतात. गिऱ्हाईक पुढे आलं की चमच्याच्या टोकाने एक कण काढून तळहातावर ठेवतात. तो कण आधी बोटाने दाबायचा: कडेला पाणी दिसलं तर पुढे जायचं. दाबल्यावर तो मऊ पसरला पाहिजे, पण त्याचे दाणे हरवता कामा नयेत. मग जिभेवर ठेवायचा. आंबटपणा कळला पाहिजे, पण डोळे मिटावे लागतील इतका नको, आणि मागून दुधाची गोडी आली पाहिजे. शेजारणीने मला हे असं शिकवलं आणि आजही घरी केलेलं सिर मी याच तीन गोष्टींवर तपासते: पाणी, दाणा, आंबटपणा.

पनीरमध्ये यातलं काय बसत नाही ते बघा. पनीर आपण उकळत्या दुधात लिंबू किंवा व्हिनेगर घालून करतो. कडक उष्णतेत आणि आम्लात दूध एका क्षणात फुटतं, चोथा घट्ट जमतो, वर आपण तो वजनाखाली दाबतो. आंबटपणा निवळीबरोबर निघून जातो. असं पनीर पुन्हा गरम केलं तरी विरघळत नाही, मऊही होत नाही, म्हणून तर भाजीत त्याचे तुकडे शाबूत राहतात. भाजीसाठी तो गुणच आहे. पण गोड सारणात तेच किसलेलं पनीर दाताखाली कोरडं येतं, आणि साखर त्यात मुरत नाही, बाहेरच राहते. इंग्रजी रेसिपीत कॉटेज चीज लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेनूकार्डावर त्या नावाखाली पनीरच येतं, त्यामुळे बहुतेकजण इथूनच सुरुवात करतात.

चक्क्याची गोष्ट उलटी. त्यात आंबटपणा आहे, दुधाची चव आहे, श्रीखंडाला लागणारं सगळं आहे. पण दही कधी तापवलेलंच नसतं. फडक्यात टांगून जेवढं पाणी आपणहून गळतं तेवढंच जातं. बरंच पाणी दह्याच्या जाळीत धरलेलं राहतं, आणि म्हणूनच चक्का मलमासारखा गुळगुळीत लागतो. त्याला आच लागली की ती जाळी आकसते आणि धरून ठेवलेलं पाणी एकदम सोडते. तुमच्या तव्यावर नेमकं हेच झालं. त्यात तुम्ही साखर आधीच मिसळून ठेवली होती. साखर ओलावा ओढून घेते आणि स्वतः पातळ होते, म्हणजे वाहायला दोन कारणं मिळाली.

सिर या दोघांच्या मध्ये बसतं. दूध आधी विरजून आंबवायचं आणि मग ते दही हळूहळू, मंद तापवायचं. तापताना दही आकसतं, दाणे जमतात, निवळी वेगळी होते. तव्यावर जे पाणी सुटणार होतं ते भांड्यातच सुटून जातं. आंबटपणा दह्यातून आलेला असल्यामुळे तो आतपर्यंत राहतो, आणि उकळी दिलेली नसल्यामुळे दाणा मऊ राहतो.

आता आपल्या घरात ते कसं करायचं. दोन लिटर पिशवीचं दूध घ्या, गायीचं किंवा टोन्ड. टोन्डमध्ये स्निग्धांश 3 टक्के असतो, तो या कामाला पुरतो. फुल क्रीमचं किंवा म्हशीच्या दुधाचं सिर वाईट होत नाही, चवीला भारीच लागतं, पण दाणा जाड होतो आणि सारण जड वाटतं. अगदीच म्हशीचं दूध घरी येत असेल तर साय काढून घ्या. ती साय फेकू नका, तिचं काम पुढे आहे.

पिशवीचं दूध उकळू नका. हे वाचून बऱ्याच जणींना कसंसंच होतं, कारण दूध आलं की पहिल्यांदा गॅसवर, ही आपली सवय. पण पिशवीचं दूध डेअरीत पाश्चराइज होऊनच येतं. पिशवी थंडच आलेली असेल, तारीख ताजी असेल आणि भांडं गरम पाण्याने धुतलेलं असेल, तर ते कोमट करून थेट विरजायला हरकत नाही. न उकळण्याचं कारण असं: दूध चांगलं उकळलं की निवळीतली प्रथिनंही दह्याच्या जाळीत अडकतात आणि जाळी पाणी घट्ट धरून ठेवते. खायच्या दह्याला आपल्याला तेच हवं असतं, कवडी पडलेलं, पाणी न सुटणारं. सिरला नेमकं ते नको. न उकळलेल्या दुधाचं दही सैल लागतं, पण पाणी पटकन सोडतं. सुटं दूध घेत असाल, गवळ्याकडचं किंवा गोठ्यातलं, तर मात्र ते उकळलंच पाहिजे, त्यात तडजोड नाही. तशा दह्याला तापवताना थोडी जास्त आच आणि टांगायला जास्त वेळ द्यायचा, एवढाच बदल.

कोमट दुधाला दोन मोठे चमचे ताजं विरजण लावा आणि झाकून ठेवा. किती वेळ, हे हवेवर आहे. नांदेडच्या मे महिन्यात सहा-सात तासांत काम होईल, थंडीत रात्रभर ठेवून सकाळचे दोन-तीन तास आणखी लागतील. दही नुसतं लागून पुरत नाही, ते नीट आंबायला हवं. कडेला भांड्यापासून सुटलेलं आणि वर हिरवट निवळी आलेली दिसली की समजा. उन्हाळ्यात विसरलात आणि फार आंबट झालं, तरी टाकायची गरज नाही. पुढे दाणे गाळल्यावर फडक्यातच त्यावर एक तांब्या पिण्याचं गार पाणी ओता, आंबटपणा उतरतो.

दही सुरीने उभं-आडवं कापून मोठे चौकोन करा. हे भांडं दुसऱ्या मोठ्या भांड्यातल्या पाण्यात ठेवा आणि खाली मंद आच करा. थेट गॅसवर ठेवलं तर तळाचं दही कडक होतं आणि वरचं कच्चं राहतं. ढवळू नका. दर पाच मिनिटांनी उलथन्याने कडेचं दही अलगद मध्ये सरकवा, बस. थर्मामीटर असेल तर 50 ते 55 अंश, उकळलेल्या दुधाच्या दह्याला 60 ते 65. नसेल तर बोट बुडवा: दोन सेकंद टिकेल आणि तिसऱ्याला काढावंसं वाटेल, एवढं गरम. हळूहळू चौकोनांच्या कडा गोलसर होतात, ते खाली बसतात आणि वरची निवळी दुधट न राहता स्वच्छ, पिवळट-हिरवी दिसायला लागते. तिथे गॅस बंद. इथे घाई आणि लोभ दोन्ही नडतात. आणखी पाणी सुटेल म्हणून आच वाढवली की दाणा रवाळ, कोरडा होतो आणि मग तो कशानेही मऊ करता येत नाही.

अर्धा तास तसंच झाकून निवू द्या, मग सुती फडक्यात ओतून टांगा. दोन-तीन तास पुरतात. वर पाटा, वरवंटा, पाण्याचं पातेलं असलं काही ठेवू नका, दाबलं की ते पनीरच्या वाटेला लागतं. तयार झालं का हे मुठीत कळतं: मूठभर सिर दाबलं तर गोळा व्हावा, अंगठ्याने टोकलं तर फुटावा, आणि तळहात ओलसर असावा पण त्यावर पाणी नसावं. दोन लिटरचं साधारण 400 ग्रॅम निघतं, दुधाप्रमाणे थोडं इकडेतिकडे. निवळी ठेवा, थालिपीठाची किंवा पोळ्यांची कणीक तिच्यात भिजवली की छान मऊ होते.

इतका वेळ नसेल तर एक जवळचा रस्ता आहे, आणि ऑर्डर अचानक आली की मीही तोच घेते. घरी दूध फोडून मिळालेला ताजा, न दाबलेला छेना 200 ग्रॅम आणि नीट गळलेला घट्ट चक्का 100 ग्रॅम, दोन्ही एकत्र चाळणीवर घासून घ्या. चव बरीच जवळ जाते, पोत पूर्ण नाही. मोठ्या शहरांत डब्यातलं रिकोटा मिळतं. ते निवळीपासून बनतं आणि गोडसर असतं, आंबटपणा नसतो, म्हणून त्यातही चक्का मिसळावा लागतो. पण दोन लिटर दुधाच्या पैशात एवढं चांगलं सिर घरात होत असताना तो महागाचा डबा आणावा असं मला वाटत नाही.

सारणासाठी हे 400 ग्रॅम सिर आधी पुरणयंत्रातून काढा. आपल्या घरात याच्याइतकं योग्य साधन दुसरं नाही, तिकडे बायका चाळणीवर लाकडी चमच्याने घासत बसतात. मिक्सर नको, तो एका फेऱ्यात त्याची पेस्ट करतो आणि पाणी मोकळं सोडतो. मग एका अंड्याचा फक्त पिवळा बलक, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, आणि दोन चमचे बेदाणे. बेदाणे गरम पाण्यात भिजवून, पिळून, फडक्यावर कोरडे करून घ्या. पांढरा बलक घालू नका, तो सारण पातळ करतो. साखर 50 ग्रॅम, आणि ती अगदी शेवटी, पॅनकेक भाजून झाल्यावर, भरायच्या पाच मिनिटं आधी. सिर कोरडं वाटलं तर एक चमचा आंबट साय. ओलं वाटलं तर एक चमचा बारीक रवा घालून पंधरा मिनिटं थांबा. रव्याची युक्ती तिकडचीच आहे, आपल्यासारखाच रवा ते या कामाला वापरतात.

वेलची घालू नका, ही माझी आग्रहाची विनंती. वेलची आणि केशर पडलं की जीभ श्रीखंडाची वाट धरते आणि तुमच्या मुलीला जी चव आठवतेय ती हरवते. तिकडे व्हॅनिला साखरेच्या छोट्या पुड्या मिळतात, तोच वास या पदार्थाचा. हवी तर लिंबाची साल जराशी किसा, पांढरा भाग येऊ न देता.

पिठाचं प्रमाण: अर्धा लिटर दूध, तीन अंडी, 200 ग्रॅम मैदा, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल. अंडी, मीठ, साखर फेटा. त्यात सगळा मैदा आणि अर्धंच दूध घालून गुठळ्या मोडा, मग उरलेलं दूध घाला. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या तरंगतात आणि मोडत नाहीत. शेवटी तेल. झाकून अर्धा तास ठेवा. मैद्याला पाणी प्यायला हा वेळ लागतो, शिवाय फेटताना आलेला ताण उतरतो आणि पॅनकेक रबरी होत नाही. पीठ घावनाच्या पिठापेक्षा किंचितच दाट, सरसरीत हवं. प्रत्येक मैदा पाणी वेगळं पितो, त्यामुळे अर्ध्या तासाने पुन्हा बघा आणि लागलं तर दोन-चार चमचे पाणी घाला.

तवा वीस सेंटिमीटरचा, सपाट, नॉनस्टिक असला तर सोपं. बिडाचा मुरलेला तवा असेल तर उत्तमच. तिकडे काट्याला डुकराच्या चरबीचा, म्हणजे सालोचा तुकडा टोचून तवा पुसायची जुनी पद्धत आहे. ज्यांच्याकडे ती चालत नाही ते अर्धा बटाटा काट्याला टोचून तेलात बुडवतात. बटाटाच घ्या, तेल अगदी पातळ आणि सारखं लागतं. तवा चांगला तापला की उचलून धरा, पळीभर पीठ मध्ये ओता आणि मनगट फिरवून पसरवा. कडा सुटून तपकिरी दिसल्या की उलटा, दुसऱ्या बाजूला अर्धं मिनिट पुरे. प्रत्येक पॅनकेक ताटात काढला की लोण्याचा हात फिरवा आणि वर दुसरं ताट पालथं घाला. हे झाकणं महत्त्वाचं आहे. उघडे ठेवले तर कडा कडक होतात आणि घडी घालताना तिथूनच चिरतात. या पिठाचे बारा ते चौदा होतात, सारणही तेवढ्याला पुरतं.

अंडं चालत नसलेल्या घरांसाठी: मैद्यात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर मिसळा, पीठ थोडं दाट ठेवा आणि पॅनकेक लहान, पंधरा सेंटिमीटरचे करा. सारणात बलकाऐवजी एक चमचा रवा. लवचीकपणा थोडा कमी येतो, म्हणून पाकीट न करता साधी गुंडाळी करा. चव चांगली लागते.

भरताना पॅनकेक कोमट हवा आणि सारण गार. जास्त भाजलेली बाजू बाहेर ठेवा. मध्यापासून जरा खाली दोन चमचे सारण आडवं ठेवा, खालची कड वर घ्या, दोन्ही बाजू आत दुमडा आणि पुढे गुंडाळा. घडी सैल नको, आत हवा राहिली की तिथे वाफ कोंडते.

परतायच्या असतील तर लोण्यावर, मंद आचेवर, घडीची बाजू आधी खाली. तूप वापरू नका, आपल्या तुपाचा खमंग वास एवढा ठसठशीत असतो की सिर मागे पडतं. घरचं पांढरं लोणी मिळालं तर त्याला तोड नाही.

मुरवायच्या असतील तर ओव्हनशिवायही छान होतं. जाड बुडाच्या पातेल्याला आतून लोणी लावा, नालिस्निकी एकाला एक चिकटवून रचा, प्रत्येक थरावर आंबट साय आणि लोण्याचे छोटे तुकडे घाला. घट्ट झाकण, खाली तवा, आच अगदी कमी, पंधरा-वीस मिनिटं. ओव्हन असलेल्यांनी 180 अंशांवर तेवढाच वेळ झाकून आणि शेवटची पाच मिनिटं उघडं ठेवावं.

ही आंबट साय म्हणजे तिकडची स्मेताना, आणि तिच्यासाठी तुम्हाला बाजारात जायला नको. लोणी काढण्यासाठी आपण साय विरजून ठेवतो ना, तीच. फक्त ती आठवडाभर साठवलेली नको, एक-दोन दिवसांची ताजी घ्या आणि घुसळण्याआधीच वाटीत काढून चमच्याने हलकी फेटा. साय नसेल तर 25 टक्के स्निग्धांशाच्या फ्रेश क्रीमला चमचाभर दही लावून रात्रभर बाहेर ठेवा, उन्हाळ्यात पाच-सहा तास पुरेत, मग फ्रीजमध्ये. तिच्या जागी नुसतं दही मात्र ओतू नका. दह्यात स्निग्धांश कमी आणि प्रथिनं जास्त, आचेवर ते फाटतं आणि पुन्हा सगळं पाण्यात.

या पदार्थात दूध, साय, लोणी, चीज सगळं एकदम का येतं असं मुलीने कधी विचारलं असेल तर तिला मास्नित्साबद्दल सांगा. ईस्टरच्या आधी मोठा उपवास असतो, त्यात तिकडच्या चर्चच्या नियमाप्रमाणे मांसही नाही आणि दूधदुभतंही नाही. उपवास लागण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे मास्नित्सात, मांस थांबलेलं असतं, पण दूध, अंडी, चीज चालतं. त्या आठवड्यात घरोघरी सिर भरलेल्या वारेनिकी (करंजीसारख्या, पण पाण्यात उकडलेल्या) आणि नालिस्निकी होतात. याचं तिखटमिठाचंही एक रूप आहे: साखरेऐवजी मीठ आणि बारीक चिरलेला शेपू. आपल्याकडे शेपू म्हटलं की नाकं मुरडणारे खूप, पण साईत मुरलेल्या या खाऱ्या नालिस्निकी मी गोडाच्या बरोबरीने करते आणि त्या आधी संपतात.

कामाचा क्रम असा लावा: शुक्रवारी संध्याकाळी दूध विरजायचं, शनिवारी सकाळी दही तापवून टांगायचं, दुपारी सिर फ्रीजमध्ये. रविवारी पीठ भिजवून, पॅनकेक भाजून, मग साखर घालून सारण, आणि लगेच भरणं. उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री उशिरा विरजा. वाढताना बरोबर आंबट चवीचा जॅम द्या. तिकडे आंबट चेरीचा असतो, आपल्याकडे करवंदाचा मला सगळ्यात जवळचा वाटतो.

तुम्ही शेवटी विचारलंय की मुलगी आता छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर असते, तिला बसने पाठवता येतील का. भरलेल्या पाठवू नका. अंड्याचं आणि ताज्या चीजचं सारण एवढ्या प्रवासात, मराठवाड्याच्या उन्हात टिकणार नाही. ती घरी येणार असेल तेव्हा आधी करून, न परतता, बटर पेपरवर सुट्या मांडून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्या की डब्यात भरा. महिनाभर छान राहतात आणि बर्फातून काढून थेट मंद तव्यावर झाकण ठेवून परतता येतात, आधी वितळवल्या तर उलट पाणी सुटतं. पाठवायचंच असेल तर नुसते कोरडे पॅनकेक, मध्ये बटर पेपर घालून, डब्यात. पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, आणि पोचले की तिने लगेच फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत वापरावेत. सिर तिला तिथेच करता येईल. अर्धा लिटर दूध, एक पातेलं, एक सुती रुमाल आणि इंडक्शनची शेगडी असली की दोन-तीन नालिस्निकींपुरतं होतं. बोट बुडवून आच ओळखायची ती खूण तिला फोनवर नीट समजावून सांगा.